माश्या मारायला कुठे व्हिसा लागतो!

परदेशात हॉर्नबी उपनगरात आमच्या फार्मसीला लागूनच मूळच्या हाँगकाँगच्या लॅम अंकलचं फिश अँड चिप्सचं दुकान होतं. भिंत एक, पार्किंग एक, त्यामुळे त्यांचे किस्से आमच्याकडे आपोआप साचायचे. २००५च्या सुमारास माझ्या सासूबाई सहा महिने राहायला आल्या, आणि मग तर विचारूच नका!

*

पहिल्याच दिवशी आईंना तिकडे घेऊन गेले. दुकानात चिटपाखरू नाही. अंकल म्हणाले, "हाँगकाँगला याला 'पाक वू यिंग' म्हणतात. माश्या मारणं!"

मी आईंना मराठीत सांगितलं. त्या फिस्सकन हसल्या. "मग त्यात हाँगकाँगचं काय कौतुक? माश्या मारायला कुठे व्हिसा लागतो!"

*

एकदा अंकल म्हणाले, "सध्या आम्ही पेरणीचं बी खातोय." म्हणजे साठवलेल्या पुंजीवर दुकान चाललेलं. मार्चमध्ये लीज संपत होतं. तोवर गिऱ्हाईक वाढलं नाही, तर गाशा गुंडाळायचा.

आईंचा चेहराच उतरला. "बी खाल्लं तर पेरणार काय गं?" मलाही फार वाईट वाटलं.

*

धंदा बसण्याला त्यांच्यात एक शब्द आहे, पण अंकल तो दुकानात चुकूनही काढायचे नाहीत. पार्किंगमध्ये येऊन सांगायचे, तेही हळूच. एकदा लॅम आंटींनी तिथेही ऐकला आणि सगळ्यांदेखत त्यांची हजेरी घेतली!

"बरोबरच आहे तिचं," आई म्हणाल्या. "आपण तरी दुकान बंद करतो का? वाढवतो!"

*

मग आईंनीच सूत्रं हातात घेतली. "रिकाम्या दुकानात कोण शिरणार? माणसं बसलेली दिसली पाहिजेत!" मुलांकडे राहायला आलेले आठ आजी-आजोबा त्यांनी गोळा केले. रोज चार ते सहा, खिडकीशी बैठक!

सगळे शाकाहारी. चिप्ससुद्धा बीफच्या चरबीत तळलेले, त्यामुळे त्यांनाही हात नाही. आंटी गरम पाणी देत राहिल्या, आणि मंडळी वाफाळते कप धरून गप्पा हाणत राहिली.

तीन आठवड्यांत चक्क रांग लागली! "एवढी गर्दी? मस्ट बी गुड!" म्हणत लोक आत शिरायचे.

*

फेब्रुवारीत अंकल फार्मसीत आले. नव्या लीजवर सही झाली होती, पण चेहरा अवघडलेला. "तुझ्या सासूबाईंना एक विचारायचं होतं."

मी ओळखलं. गिऱ्हाइकांना बसायला जागाच उरली नव्हती. म्हटलं, "मी सांगते त्यांना. उठतील सगळे, राग नाही यायचा."

"नो, नो!" अंकल काउंटरवर वाकले. "रिकार्टनला माझ्या मेव्हण्याची बेकरी आहे. पार सलाइनवर आहे बिचारी. मंडळी सोमवारपासून मोकळी आहेत का?"