ढवळ्याची चाल

कारंज्याच्या स्टँडवर एसटीमागे धावणारे सर कोणी कधी पाहिले नाहीत. गाडी डोळ्यांदेखत निघून जायची आणि सर शांतपणे बाकावर बसायचे. "येईन ना दुसरी," एवढंच म्हणायचे. त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्येही घाईने कळा बडवणाऱ्याला ते उठवून मागे बसवत. मी बहुतेक वेळ मागेच असे.

क्लाससाठी सरांनी स्वतः एक खेळ लिहिला होता. कापसाने भरलेली बैलांची बंडी इंझोरीहून कारंज्याच्या बाजारात न्यायची. बैलांची चित्रं काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून काढली होती. त्यातला ढवळ्या मागच्या पायाने लंगडायचा. सरांनी तो सुधारायला सांगितला, तर काकू म्हणाल्या, "धनजले माह्या माहेरचा ढवळ्या असाच चालते. मी नाही बदलवत." सरांचं तिथे काही चाललं नाही.

पुढे काकू गेल्या, क्लास बंद झाला, जुनं मशीनही बिघडलं. दोन-तीन वर्षांपूर्वी सर माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. हातात एकच फ्लॉपी. "माहे डोये जाऊन राह्यले. त्याच्या आंधी तिचे बैल एक डाव पाहू दे."

फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह मिळवायला मी दोन महिने लावले. खरं सांगायचं तर त्यातला दीड महिना मी शोधलाच नाही.

नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम टाकला आणि सरांना बोलावून खेळ सुरू केला. बंडी दिसते न दिसते तोच पडद्याबाहेर गेली. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "चूक माही हाये. दोन पावलांच्या मधात टाइम काढायले मशीनले आकडे मोजायले लावले होते मी. मशीन पुढं इतकं झपाट्यानं मोजन, हे मले कुठं मालूम होतं?"

मी वेग उतरवत गेलो. सर पडद्याजवळ तोंड नेऊन बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मले काहीच नाही दिसून राह्यलं. तूच सांग, ढवळ्या लंगडते का?"

अजून लंगडत नव्हता. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं; धीर झाला नाही. आणखी वेग उतरवला, तेव्हा त्याचा मागचा पाय ओढल्यासारखा दिसू लागला.

"हो सर, लंगडून राह्यला."

"मंग बराबर हाये," सर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर हात ठेवला.

दिवाळीनंतर सर गेले. त्या दीड महिन्याबद्दल मी त्यांना काही बोललो नाही. दुकानात नवं मशीन आलं की आधी तो खेळ लावतो, ढवळ्या लंगडू लागेपर्यंत वेग उतरवतो आणि बंडी बाजारात पोचेपर्यंत बघत बसतो. त्यांच्या वाट्याचं बघणं माझ्याकडे राहिलं आहे.