ठळक राहिलेली ओळ

लाँड्रीच्या मागच्या अंगाला, इस्त्रीच्या वाफेत, कपडे उसवून पुन्हा अंगासरसे करून देणारी एक बाई बसायची. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून तिचं नाव पडलं टाचणीबाई. तिचं बोलणंही त्याच जातीचं आहे असं लाँड्रीवाला म्हणायचा, पण तिला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावरून. एक मात्र खरं, कापड विरलेलं असेल तर काम घेण्याआधीच ती सांगून टाकायची, की हे टाका धरणार नाही, उगाच खर्चात पडू नका. हातचं गिऱ्हाईक जायचं, पण लपवाछपवी तिला जमायची नाही. हाच गुण पुढे तिच्या मुळावर आला.

तिला एकच लेक. नवरा लवकर गेला. टाचणीबाईने शिवणावर पोरीला वाढवलं, नर्स केलं. पोरीने दूरच्या शहरात नोकरी धरली आणि लग्न केलं ते एका रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशी, तोही बिजवर. टाचणीबाई लग्नाला गेलीच नाही. जावयाला ती जावई म्हणत नसे, 'तो माणूस' म्हणायची. फोनवर मायलेकींचं दोन वाक्यं बरं चालायचं, मग तो माणूस मध्ये यायचा आणि दोघींपैकी एक फोन आपटायची. राग दोघींच्याही नाकाच्या शेंड्यावर. खाण तशी माती.

शेवटी लेकीनेच तोड काढली. इंटरनेटवर एक सोय होती. वाचण्यात आलेली पानं तिथे साठवायची, कप्प्यांत लावायची आणि हवा तो कप्पा दुसऱ्याशी वाटून घ्यायचा. भेटायला आली तेव्हा लेकीने आपल्या खात्यावर एक कप्पा उघडला, त्याला 'दोघींचं' असं नाव दिलं आणि तो आईच्या मोबाइलला जोडून दिला. एकीने पान ठेवलं की दुसरीला त्याचं शीर्षक ठळक अक्षरांत दिसायचं. उघडलं की मगच पाठवणारीने सोबत लिहिलेल्या ओळी वाचता यायच्या, आणि शीर्षक दोघींकडेही फिकं व्हायचं. म्हणजे वाचलंय हे न बोलता कळायचं.

त्या कप्प्यात मग सगळा संसार मांडला गेला. आईने पायांच्या सुजेवरचे व्यायाम ठेवले आणि लिहिलं, 'तुझं काम उभ्याचं. कर, नुसतं वाचू नकोस.' लेकीने सुईत दोरा ओवायच्या खटक्याचं पान ठेवलं, 'डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची नाहीसच, निदान हे तरी घे.' कधी आईकडून हिवाळ्यातल्या खोकल्याचं, कधी लेकीकडून शिवणयंत्राच्या पायडलवर झोपलेल्या मांजरीचं. तोंडाने जे बोलता येत नव्हतं ते अशा परक्या पानांच्या आडून बोललं जायचं. दुपारचा डबा झाला की टाचणीबाई हात पुसून कप्पा उघडायची. तेवढा वेळ टाचण्या डबीत असायच्या.

एके दिवशी लेकीचं पान आलं, 'झिजलेली कॉलर उलटून नव्यासारखी कशी करावी.' टाचणीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिने जन्मभर लोकांच्या कॉलरी उलटल्या, तिला ही कालची पोर शिवण शिकवणार! तिने ते उघडलं नाही. आपणही काही पाठवायचं नाही, आधी तिने फोन करावा, असं ठरवून बसली. लेकीनेही फोन केला नाही. शीर्षक तसंच ठळक राहिलं.

मग फोन आला तो त्या माणसाचा. वॉर्डातून लागलेला ताप लेकीच्या छातीत उतरला होता. टाचणीबाई पोहोचली तेव्हा लेक कृत्रिम श्वासावर होती, आणि त्यातून ती उठली नाही. परतताना टाचणीबाई जावयाशी एक शब्द बोलली नाही. बोलायचं तर रडावं लागलं असतं, आणि त्याच्यापुढे तिला रडायचं नव्हतं.

त्यानंतर ती ठळक ओळच तिचा आधार झाली. ती उघडली की लेकीचं सांगणं संपलं, म्हणून ती उघडायची नाही. रोज डबा झाला की नुसती बघायची. लेकीसाठी पानंही पुन्हा ठेवू लागली. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. ती पानंही ठळकच राहायची.

पुढे ती सोय चालवणाऱ्या कंपनीचा टाचणीबाईला मेल आला. खातं मालकाने बराच काळ उघडलेलं नाही, महिनाअखेर ते बंद होईल. लाँड्रीवाला म्हणाला, आधी त्यातलं काय हवं ते उघडून उतरवून घ्या. पण टाचणीबाईला वाटलं, खरं सांगितलं तर माणसं ऐकतात. तिने कळवलं, की खातं माझ्या मुलीचं आहे, ती वारली, मी कप्पा रोज बघते, कृपा करून राहू द्या. उत्तर दोनच दिवसांत आलं. आपल्या दुःखात सहभागी आहोत. निधन झालेल्या व्यक्तीचं खातं नियमानुसार बंद करून त्यातलं सर्व काढून टाकलं आहे.

कप्प्याच्या जागी कोरा पडदा होता. तिने ते कॉलरीचं पान इंटरनेटवर शोधून काढलं, मन लावून वाचलं. त्यात फक्त शिवण होतं. लेकीने काय लिहिलं होतं ते गेलं.

शेवटी तिने त्या माणसाला फोन लावला. झालेलं सगळं त्याला सांगितलं. "पासवर्ड होता माझ्याकडे," तो म्हणाला. "मला बघवत नव्हतं म्हणून उघडत नव्हतो. तुम्ही एकदा सांगितलं असतंत तर..." तिने विचारलं, कॉलरीच्या पानावर काय होतं, ठाऊक आहे का. तो म्हणाला, येऊन सांगतो.

रविवारी तो लाँड्रीत आला. उंच, वाकलेला, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्याने निळा शर्ट काढून टेबलावर ठेवला. कॉलर घडीवर विरली होती.

"हा," तो म्हणाला. "ती म्हणाली, आईला कॉलर उलटायला सांगते. शर्ट मात्र तूच घेऊन जा, काम घेऊन आलेल्या माणसाला आई हाकलत नाही. तेच लिहिलं होतं, की याला पाठवते, दारातून परत पाठवू नकोस."

"मग आला का नाहीत?"

"तुम्ही उघडायची वाट बघत होती. रोज बघायची, आई, फिकं झालं का म्हणून. दवाखान्यात नेलं त्या सकाळीही बघितलं."

टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. मग ती रडली, त्याच्यासमोर, लाँड्रीवाल्यासमोर, इस्त्रीला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर. जावई तिथेच उभा राहिला, आणि काय करावं ते न सुचून त्याने शर्टाची बाही सरळ केली.

"बसा," ती म्हणाली.

तिने शर्ट ओढून घेतला आणि कॉलर उसवायला घेतली. एरवी हे काम ती बोलता बोलता उरकायची. त्या दिवशी तिने ते लाँड्री बंद होईपर्यंत पुरवलं, आणि तोवर जावई स्टुलावर बसून होता.