भर उन्हाळ्यात अडलेली दारं

ठाकुर्लीच्या चिरंजीव सदनात काही बिघडलं की कुणी प्लंबर, सुतार शोधत नसे. सखारामनानांना हाक मारत. रेल्वेच्या कारखान्यातून माणूस निवृत्त झाला, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत! नळ, पंखा, मिक्सर, समोरच्या बुद्धविहारातला मुका माईक, काहीही आणा. पैसे पुढे केले की चिडायचे, "चहा टाक गं, पैसे कसले देतेस?" नात स्वप्ना लहानपणापासून पाना-पकड घेऊन त्यांच्या मागे. "पोरीला कशाला हे शिकवता?" असं कुणी विचारलं, तर नाना म्हणत, "का? तिला हात नाहीत?"

बिल्डिंगचं मात्र नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तीन मजले, अकरा बिऱ्हाडं, खांबांचे पोपडे सुटलेले आणि गेटवर धोकादायक इमारतीची नोटीस. पण एकदा खोली सोडली की हक्क गेला, ही भीती सगळ्यांच्या हाडात बसलेली. म्हणून भेग दिसली की नाना आणि सिमेंट. नानाही थापी अशी फिरवत, की भेग होती कुठे ते शोधून सापडू नये.

एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या रतनने हाक मारली. "नाना, दार अडतंय. फुगलं वाटतं."

नानांनी रंधा मारला, दार नीट लागलं. आठ दिवसांनी तेच दार पुन्हा अडलं. मग शेजारचं, मग त्याच्या खालचं. तिसऱ्या खेपेला रंधा मारता मारता नाना थांबले. स्वप्ना दार धरून उभी होती.

"दारं पावसात फुगतात, पोरी," ते हळूच म्हणाले. "या उन्हात नाही. चौकट वाकतेय. बिल्डिंग खाली बसतेय."

तळमजल्यावर येऊन त्यांनी स्वतःच लिंपलेल्या खांबाला छिन्नी टेकवली. ती ओल्या वाळूत जावी तशी दोन बोटं आत गेली. त्या दिवसापासून नानांचं जेवणावरचं मन उडालं.

दारोदार फिरून ते सांगू लागले, "बाहेर पडा रे, जीव वाचवा." रतन हसला. "तुम्ही आहात ना नाना! मग आम्हाला काय होतंय?" आता काय बोलावं अशांना! माणूस चांगलं काम करतो, तेच शेवटी त्याच्या गळ्याशी येतं.

चौथ्या दिवशी पाण्याची मोटर बंद पडली. नानांनी जिन्याखाली बसून ती उघडली, बघितली आणि म्हणाले, "जळली. आता नाही व्हायची."

नानांच्या तोंडून हे वाक्य त्या बिल्डिंगने कधी ऐकलं नव्हतं. दोन दिवस लोकांनी बादल्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी कंबरडी मोडली. कुणी टिटवाळ्याला सासुरवाडी गाठली, कुणी बहिणीकडे गेलं. स्वप्नाला आणि तिच्या आईला नानांनी कल्याणला मावशीकडे धाडलं आणि स्वतः समोरच्या विहारात पथारी टाकली.

मग कुजबुज सुरू झाली. म्हातारा चळला. साधी मोटर जमेना त्याला. स्वप्नाच्या कानावर आलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यभर ज्यांची कामं फुकट केली, तीच माणसं ही!

नानांचे कपडे न्यायला ती खोलीवर आली, तेव्हा ते पालिकेत खेटे घालायला गेलेले. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला मोटरचा कंडेन्सर तिला सापडला. धडधाकट. काढला आणि विसरले, वय झालं नानांचं, असं तिला वाटलं. दोन वायरी जोडायच्या, एवढंच काम. मोटर घुमली, वरची टाकी भरू लागली. हौसेने तिनेच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, 'नानांनी मोटर दुरुस्त केली.'

संध्याकाळपर्यंत पाच बिऱ्हाडं परतली.

नाना आले ते मोटरचा आवाज ऐकून पळतच. स्वप्नाचा आनंदी चेहरा पाहिला आणि आधी मोटर बंद केली.

"मीच काढलेला गं तो कंडेन्सर," म्हणाले. "मुद्दाम."

मग ते 'बाहेर पडा, बाहेर पडा' ओरडत सुटले. वरून रतन म्हणाला, "आधी मोटरचं खोटं, आता हे! बस करा नाना!" वर जायला स्वप्नाने जिन्यावर पाय टाकला, तर नानांनी तिला दंडाला धरून मागे फेकलं आणि स्वतः चढले. लोकांची पोरं उचलून त्यांनी खाली पळवली, म्हणून पोरांमागे आईबाप शिव्या देत उतरले. रतनची म्हातारी आई सगुणा तेवढी राहिली. तिला आणायला नाना परत वर गेले. दोघंही आली नाहीत. नुसती धूळ आली.

विहारातल्या शोकसभेत रतन उभा राहिला. रडत होता, आणि रागही होता. "नानांनी ती मोटर चालू केली नसती, तर आम्ही परतलोच नसतो. माझी आई असती आज."

पहिल्या रांगेतल्या काही माना हलल्या. आईने स्वप्नाचा हात घट्ट दाबून धरला. "बस खाली. आता काय उपयोग?"

स्वप्नाने हात सोडवून घेतला.

"रतनदादा, मोटर मी चालू केली," ती म्हणाली. "मेसेजही माझाच होता. नाना तेव्हा पालिकेत होते."