महाळुंगाला पाजलेला हिराकस

शके सोळाशे नव्वद. माझं वय एकसष्ट. पागेतली जमादारी सोडून मी कसब्यात घरी बसलो होतो. माझी शाळा म्हणाल तर धुळाक्षरांपुरती, पण माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि झाडाला कापड समजणारा माणूस उभ्या पुण्यात एकच होता हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ते म्हणजे बुधवारातले रंगारी. जन्मभर रंगाच्या कढया ढवळून म्हातारपणी त्यांच्या डोक्यानं घेतलं की झाड म्हणजे उभं टांगलेलं धोतर. खालचं टोक भिजलं की ओल वर चढते, आणि पाण्यात जे असेल ते बरोबर घेऊन चढते. तुळशीला डोक्यावरून पाणी घालणाऱ्या बायका दिसल्या की हे रस्त्यात थांबत आणि म्हणत, तहान पायाला आहे, अंघोळ कशाला घालता? सकाळी कुणाच्याही परसात शिरून खोडाला कान लावत. पोरं हसली की त्यांना दटावत, गप, पाणी चढतंय. मीही एकदा कान लावला, मुंगी चावली. एकदा त्यांनी पांढऱ्या शेवंतीचा देठ कुसुंब्याच्या रंगात ठेवला. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांत तांबड्या शिरा उमटल्या, तर ते फूल ताटात घेऊन पेठभर हिंडले. देवळातले गुरव म्हणाले, रंगवलेलं फूल देवाला चालत नाही. हे म्हणाले, "मग जास्वंद कुणी रंगवली?"

त्या वर्षी माझ्या बायकोचं अन्न तुटलं. पेज पोटात ठरेना. परसातल्या महाळुंगाची आंबट फोड मीठ लावून चोखली तर तेवढी राहायची, आणि तिच्या आधारानं दोन घास जायचे. वैद्यांनीही तेच चालू ठेवा म्हटलं. आणि नेमकं ते झाड पिवळं पडू लागलं. बारकी फळं गळायला लागली. बाजारातलं महाळुंग आणलं, तर तिला ते कडू लागे. मी शेणखत घातलं, राख घातली, शिव्याही घातल्या. शेवटी रंगारी आले. कोवळं पान उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले.

"जमादार, पान पिवळं आहे, पण शिरा हिरव्या आहेत. म्हणजे वाट मोकळी आहे, माल संपलाय. याला लोह पाहिजे."

काळ्या रंगासाठी ते हिराकस वापरत. त्यात लोह असतं म्हणाले. तोच पाण्यात कालवून त्यांनी मुळाशी ओतला. पण हात रंगाऱ्याचा. पहिलं पाणी पातळ दिलं तर कापड फिकं निघतं, ही जन्माची खोड. त्यांनी दिलं ते दाट. आठ दिवसांत ओतलं त्या बाजूची पानं करपून गेली. मी म्हटलं, "आमच्या परसात पुन्हा पाऊल टाकू नका." मग मी रागाच्या भरात आडाचं पाणी शेंदून शेंदून त्या आळ्यात ओतत राहिलो. ते विष धुऊन काढायचं, एवढंच डोक्यात.

त्यानंतर ते परसात आले नाहीत, पण गल्लीतून जाताना कुंपणापलीकडे थांबत, टाचा उंचावत आणि पुढे जात. मला ते दिसत होतं. मी पाठ फिरवून बसे.

आज ते नाहीत, आणि माझी बायकोही नाही. ती त्या दुखण्यातून उठली आणि पुढे चार पावसाळे जगली. झाड कशानं जगलं यावर आमचा वाद कधी मिटला नाही. ते म्हणत हिराकसानं, मी म्हणे माझ्या पाण्यानं. आता वाद घालायला कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर जिंकण्यात काही गोडीही उरली नाही.

पण त्या वर्षी, पानं करपल्यावर महिन्याभरानं, एका संध्याकाळी बायको भिंतीला धरून परसदारी आली होती. झाडाच्या पलीकडच्या बाजूला नवी पालवी फुटली होती, गर्द हिरवी, आणि तिच्यात दोन कळ्या होत्या.

"अहो, रंगारीबुवांना बोलवा," ती म्हणाली. "त्यांनी पाहायला हवं."

मी म्हटलं, मी कुणाच्या दारी बोलावणं घेऊन जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतलं नवंकोरं पागोटं काढलं, ज्याचा रंग अजून जरासुद्धा उतरला नव्हता, आणि ते रंगवायला टाकायला बुधवारात गेलो.