कमी उजेडाची लेन्स

"झूम नको," कॅमेऱ्यांचा दुकानदार म्हणाला. "अंधारात ही पस्तीस मिलिमीटरची फिक्स लेन्स घ्या. उजेड जास्त घेते."

"हलत्या बोटीतसुद्धा?"

"फोटो थोडा दाणेदार येईल, पण दिसेल."

मला तेवढंच हवं होतं. माझ्या बायकोला, सुमनला, कमी उजेडात काही दिसत नाही आणि डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. तरी थीम पार्कमधल्या अंधाऱ्या गुहेतून बोटीनं जायची तिची फार इच्छा होती. लेन्स घेतल्यावर आठवडाभर मी घरातले दिवे मालवून फडताळातल्या बरण्यांचे फोटो काढत होतो. ऐनवेळी नाहीच जमलं तर? उजेड कमी होत जाणार हे कळलं की माणूस किती घाईनं तो गोळा करायला लागतो.

बोट गुहेत शिरताच सुमननं माझा दंड घट्ट धरला. "अहो, काय काय आहे इथं?" मी नुसते फोटो काढत सुटलो.

बाहेर आल्यावर बाकावर बसून तिनं कॅमेरा अगदी नाकाशी धरला. एकेक फोटो मोठा करून ती क्रमानं पाहत गेली, शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून. मग ती म्हणाली, "चला, पुन्हा बसू या."

या फेरीला कॅमेरा पिशवीतच राहिला.

"आता डावीकडे मोर येईल बघा," ती अंधारात म्हणाली.

वळण आलं, आणि मोर आला.