मावशीच्या अंगठ्यावरचा चामखीळ

कुणाच्या घरी आज काय शिजावं हे त्या घरच्यांनी ठरवायचं असतं, हे आमच्या मासळीवाल्या मावशीला आजवर कुणी सांगितलेलंच नाही. अर्नाळ्याहून टोपली घेऊन ती माणिकपूरच्या आमच्या सोसायटीत येते आणि बोंबील मागितले की मांदेली देते. मी एकदा हट्टानं पापलेट मागितलं, तर म्हणाली, "पापलेट पावन्यांना. तुमच्याकडं आज पावना कोन? मांदेली घ्या गुमान." नवराबायको भांडलेली दिसली, की त्या घरी ती हमखास काटेरी मासा देते. काटे काढताना तोंडं बंद राहतात, असं तिचं शास्त्र.

अशा या बाईच्या उजव्या अंगठ्यावर दोन वर्षं एक खरखरीत चामखीळ वाढत होता. आधी मिरीएवढा, मग रुपयाएवढा, कडेनं जांभळट. खापर ती शिंगाळा माशाच्या काट्यावर फोडायची. चुना लावून झाला, चर्चमध्ये मेणबत्ती लावून झाली. "दुखत नाय ना? मग आजार कसला?" शेवटी माझ्या बायकोनं दम भरला आणि आम्ही तिला रिक्षात घालून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चामखिळाचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. निघाला त्वचेचा टीबी.

मावशी उसळली. "टीबी छातीत होतो! मला खोकला पन नाय. नीट बघा."

"कापलेल्या जागेतूनही जंतू शिरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या शरीरानं त्यांना अडवलं, म्हणून ते पसरले नाहीत. तिथेच हळूहळू वाढत राहिले. घरात कुणाला टीबी होता?"

मावशीनं अंगठा मुठीत लपवला. तिनं काही लपवलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"भावाला," ती म्हणाली. "माझ्याकडंच वारला. त्याचं थुंकीचं भांडं मीच धुवायची. आनि हात तर माझा रोजच कापलेला."

छातीचा फोटो स्वच्छ आला. जखम झाकून ठेवा, गोळ्या एक दिवसही चुकवू नका, धंदा करायला हरकत नाही, असं बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकात उभं राहून मावशीनं जाहीर केलं, "मला टीबी हाय, चामडीचा! हातमोजा घातलाय. ज्याला घ्यायचं त्यानं घ्या." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माझी बायको ताट घेऊन खाली उतरली, मग हळूहळू बाकीच्याही आल्या. त्यानंतर मावशी मासळीबरोबर प्रत्येकाचे हातही तपासू लागली. वॉचमनचं साधं कुरूपसुद्धा तिनं दवाखान्यात धाडलं.

सहा महिन्यांनी अंगठ्यावर फक्त एक पातळ, चकाकता डाग उरला.

"गेला हो मावशी!" बायको आनंदानं म्हणाली.

मावशी डागावरून बोट फिरवत राहिली. "गेला," ती म्हणाली. "भाऊ जाताना एवढंच माझ्यापाशी ठेवून गेलेला."

बायकोनं तिला पायरीवर बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली.