वांकेल गाडीखालचं लिंबू

हृषिकेशला एका जागी स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल तर त्याने पुढे यावं. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये तरी असा साक्षीदार मिळायचा नाही. दात घासताना तो घरभर फिरायचा, फोनवर बोलताना बाल्कनीत येरझाऱ्या घालायचा आणि शेवटचा घास तोंडात असतानाच ताट उचलून उभा राहायचा. "पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलाय," असं त्याची आई, शैलाताई, म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात थोडं कौतुकही असायचं. कौतुक करायला त्यांचं काय जातं! त्या पुण्यात. त्याच्याबरोबर एका छपराखाली राहायचं होतं ते त्याच्या बायकोला, कादंबरीला.

इंजिनासमोर मात्र तो थांबायचा. इंजिनांच्या चाचण्या घेण्यासाठीच तो पुण्याहून जर्मनीत आला होता. काचेपलीकडे इंजिन धडधडत असलं की हा अलीकडे तासन् तास खिळल्यासारखा बसे. त्याच्या आवाजावरून कुठे काय दुखतंय ते ओळखे. मग काळ बदलला, बॅटरीच्या गाड्या आल्या आणि त्याच्या कंपनीतला इंजिनांचा विभाग बंद झाला. नोकरी राहिली, काम गेलं. आता गाडीच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचना वेळेवर उमटतात की नाही हे तो तपासायचा. दिवसभर मीटिंगा आणि मीटिंगांमध्ये "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "बरोबर, बरोबर", म्हणत माना डोलवायच्या. खोटं कशाला सांगा, माणूस आतून कुढत होता.

अशात पुण्याहून सुधीर सरांचा फोन आला. हे त्याचे पहिले साहेब. आता चाकणच्या एका कंपनीत मोठ्या पदावर होते. "ये परत," ते म्हणाले. "आमच्याकडे अजून इंजिनं फिरतात."

पण घर एकट्याचं नसतं. कादंबरी डार्मश्टाटला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती आणि ते काम तिने मोठ्या कष्टाने मिळवलं होतं. मुलगी अन्वी इथल्याच गिमनाझियम शाळेत नववीत. परत जायचं तर हृषिकेशने एकट्यानेच जायचं, हे कुणी बोललं नाही तरी दोघांनाही कळत होतं. कादंबरीने आकांडतांडव केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "दसऱ्यापर्यंत काही ठरवू नकोस. तुला इंजिनच हवंय ना? मग एक घेऊन ये."

ती गंमत करत नव्हती. इंजिन हाताशी आलं तर नवरा घरात राहील, असा तिचा सरळ हिशोब होता.

आता माणसाने जुनी गाडी घ्यावी तर साधीसुधी घ्यावी. पण हौसेला मोल नसतं आणि हृषिकेशच्या हौसेला अक्कलही नव्हती. त्याने शोधून काढली ती वांकेल इंजिनाची जपानी स्पोर्ट्‌स कार. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाहीत. तिकोनी रोटर असतात आणि ते जात्यासारखे आतल्या आत गरगर फिरतात. गाडी लाल, बुटकी, मागचे दरवाजे उलटे उघडणारे. ती होती दूरच्या येना शहरात, हेर फोग्ट नावाच्या गृहस्थांकडे. त्यांची सगळी नोकरी भिंगं घासण्यात गेली होती आणि आता डोळ्यांनीच दगा दिल्यामुळे ते गाडी विकत होते.

हृषिकेश गेला होता गाडीची परीक्षा घ्यायला. म्हाताऱ्याने त्याचीच घेतली. गाडी तापेपर्यंत टेकड्यांवरून फिरवायला लावली, बंद करायला लावली, पुन्हा चालू करायला लावली. ती एका हाकेत चालू झाली. मग फोग्ट म्हणाले, "हिचं तेल दर वेळी बघायचं, कारण ही तेल पिते. आणि थंड असताना चालू करून लगेच बंद करायची नाही. कधीच नाही. पेट्रोल आत साचतं, प्लग भिजतात, मग ती रुसते." ते गाडीच्या छतावरून हात फिरवत राहिले. हृषिकेशने किल्ली घेतली आणि जर्मनीचा अर्धा नकाशा ओलांडून तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की कादंबरीला वाटलं, आपण जिंकलो.

पहिले काही आठवडे खरंच तसं वाटलं. बॉनेट उघडलेलं, हात काळे, तोंडात शीळ. तेलाची पट्टी बाहेर काढून, पुसून, पुन्हा घालून, उजेडात धरून बघणं हा त्याचा नित्यनेम झाला. संध्या करणाऱ्यानेही एवढी निष्ठा दाखवली नसती. "थंड असताना बंद करायची नाही" हे त्याने घरातल्यांना इतक्यांदा ऐकवलं, की अन्वी त्याची नक्कल करू लागली. शाळेसमोर ती गाडी गुरगुरत थांबली की "पापा, पाइनलिश!" म्हणून ती दप्तराआड तोंड लपवायची. लाज वाटते म्हणायची, पण मैत्रिणींना फोटो तिनेच पाठवले होते.

मग घोटाळा झाला. नवरा घरात राहण्याऐवजी गाडीत राहू लागला. आधी रविवारी, मग रोज. जेवण झालं की किल्ली. काही बिनसलं की किल्ली. काही न बिनसताही किल्ली. कुठे जाऊन आलास विचारलं तर उत्तर एकच, "असाच." रोगापेक्षा औषध जालीम ते असं.

आणि दसऱ्याच्या आदल्या बुधवारी एक मीटिंग संपवून तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये आला, गाडीत बसला, सुधीर सरांना फोन लावला आणि "येतो" म्हणून मोकळा झाला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. फोन ठेवल्यावर हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. वाटलं नाही. दसरा होऊ दे, मग घरी सांगू, असं त्याने ठरवलं आणि तीन दिवस तो घरात चोरासारखा वावरला.

दसरा शनिवारी आला. शैलाताई गणपतीपासून मुक्कामाला होत्या आणि त्यांनी सगळं शास्त्रोक्त करायचं मनावर घेतलं होतं. कादंबरीने गार्टनसेंटरमधून झेंडूच्या कुंड्या आणल्या होत्या. त्यातली फुलं खुडून लॅपटॉपला, मिक्सरला, कादंबरीच्या छोट्या गाडीला आणि अन्वीच्या सायकलला माळा झाल्या. राहिली लाल गाडी. नेमका तेव्हाच सुधीर सरांचा फोन आला आणि हृषिकेश बाल्कनीत जाऊन दार लावून फिरत बोलू लागला.

"तो काही लवकर यायचा नाही," शैलाताई म्हणाल्या. "कादंबरी, अगं, तूच घाल गाडी लिंबांवरून. मुहूर्त टळतोय."

"अहो आई, त्याला विचारून—"

"दोन हात पुढे घ्यायला काय विचारायचंय?"

कादंबरीलाही ते पटलं. हृषिकेशने सांगितलं होतं ते गाडी चालवण्याबद्दल. लिंबावरून घालणं म्हणजे काही चालवणं नव्हे, ती पूजा. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. कादंबरीने गाडी चालू केली, दोन हात पुढे घेतली, चर्रर्र आवाज आला, गाडी बंद केली. पण अन्वीच्या व्हिडिओत लिंबू आलंच नव्हतं. मग नवी लिंबं मांडली, गाडी पुन्हा चालू, दोन हात मागे, पुन्हा बंद. या खेपेला लिंबू छान आलं.

हृषिकेश खाली आला तो किल्ली घ्यायलाच. सुधीर सर सोमवारी करारपत्र पाठवणार होते. त्याला फक्त निघायचं होतं, कुठेही. त्याने किल्ली फिरवली. गाडी खूं खूं करत राहिली. पुन्हा फिरवली. तेच. त्याने चाकाखाली पाहिलं, लिंबाच्या चिरफळ्या पाहिल्या आणि त्याच्या लक्षात आलं.

"कुणी चालू केली होती ही?"

"मी," कादंबरी म्हणाली. "पूजेपुरती. दोन हात फक्त."

"दोन हात! अगं, शंभरदा सांगितलंय! हजारदा! या घरात माझं एक तरी कुणी ऐकतं का?" त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "आणि आई, तू! जर्मनीत येऊन लिंबं कसली चिरडतेस?"

"हृषी, सणाचा दिवस आहे," शैलाताई म्हणाल्या. "गाडीच आहे ती."

"गाडीच आहे! इथे माझं म्हणून तेवढंच होतं!" आणि मग ते तोंडातून निघून गेलं. "बरंच झालं. नाहीतरी जाणारच आहे मी. हो सांगितलंय सुधीर सरांना. बुधवारीच सांगितलंय."

अन्वीने हातातला फोन खाली केला. कादंबरीच्या हातात पूजेचं ताट होतं, ते तिने जपून बॉनेटवर ठेवलं.

"बुधवारी," ती म्हणाली. "म्हणजे परवा आपण गादीची खोळ बदलत होतो, अन्वीच्या सहलीचं बोलत होतो, तेव्हा तुला ठाऊक होतं." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "या गाडीचं तेल तू दर वेळी बघतोस, हृषी. आम्हाला एकदा विचारलं असतंस."

हृषिकेश पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहिला. शेवटी बॅटरीही बसली.

पण गाडी अंगणाच्या मधोमध अडकली होती आणि दुसऱ्या बिऱ्हाडांच्या वाटेत होती. ती हलवायला तर हवीच. कादंबरीने आपली छोटी गाडी शेजारी आणली, बॅटरीच्या वायरी जोडल्या. हृषिकेशने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला, म्हणजे नवीन पेट्रोल आत जात नाही आणि साचलेलं बाहेर पडतं. खूं खूं चालू राहिलं, थांबलं, पुन्हा चालू झालं. अखेर गाडी खोकली, थरथरली आणि मागून पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला, की अंगण दिसेनासं झालं. वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेकरनी खिडकी उघडून विचारलं, "अग्निशमन दलाला बोलवू का?"

"नाइन, नाइन, पूजा!" शैलाताईंनी खालून नकारार्थी हात हलवत सांगितलं. बाईंनी खिडकी लावून घेतली.

आता गाडी तापवून आणल्याशिवाय बंद करता येणार नव्हती. हृषिकेश एकटाच निघाला. कुणी सोबत आलं नाही, त्यानेही बोलावलं नाही. माइन नदीच्या कडेने तो बाहेर पडला, शेतं लागली, इंजिन मोकळं झालं, सुई चढली. एरवी या क्षणी त्याच्या डोक्यातलं सगळं गप्प व्हायचं. आज कादंबरीचं वाक्य शेजारच्या सीटवर बसून होतं. ऑटोबानचा फाटा आला. असंच जात राहावं असं वाटलं. मग त्याने स्वतःला विचारलं, जाऊन करणार काय? आणि तसाच प्रश्न चाकणच्याही पलीकडे उभा असेल, हे त्याला लख्ख दिसलं. तिथे इंजिनं फिरत असतील. संध्याकाळी ती बंद झाली की हा कुठे फिरणार होता? तो घाबरला. खरंच घाबरला. फाटा सोडून त्याने गाडी वळवली.

घरी टेबलावर पानं मांडलेली होती. कुणी जेवलं नव्हतं. पुऱ्या झाकून ठेवल्या होत्या, श्रीखंडावर तसंच चारोळीचं नक्षीकाम. तिघी बसल्या होत्या. तो दारातच उभा राहिला आणि त्याने विचारलं, "मी जाऊ का पुण्याला?"

इतका साधा प्रश्न. पण त्याला तो विचारायला कित्येक महिने लागले.

शैलाताई आधी बोलल्या. "माझं निमित्त करून येणार असशील तर नको येऊस, बाबा. तुझ्या येरझाऱ्या नसल्या की मला सकाळचा चहा निवांत पिता येतो, त्याची आता सवय झालीये मला." म्हणताना त्यांचे डोळे भरले होते, ते कुणाच्या नजरेतून सुटलं नाही.

अन्वी जर्मनमध्ये बोलली. तू गेलास तर मला राग येईल, म्हणाली; पण निदान तो कशाचा आहे ते तरी कळेल. आत्ता तू इथे असतोस आणि नसतोस.

मग तो कादंबरीकडे वळला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू आत्ता विचारलंस. मला विचार करायला वेळ लागेल."

"सोमवारी सुधीर सर करारपत्र—"

"म्हणजे मला सोमवारपर्यंतची मुदत?"

त्याने खिशातून फोन काढला. या वेळी तो बाल्कनीत गेला नाही. तिथेच, टेबलाशी उभा राहून त्याने सुधीर सरांना लावला. "सर, बुधवारी मी हो म्हणालो ते घाईत म्हणालो. घरी विचारलंच नव्हतं. आत्ता विचारतोय."

पलीकडून सर काय बोलले ते तिघींनाही ऐकू आलं, इतक्या मोठ्याने ते बोलले. घरी विचारायला तू काय कुक्कुलं बाळ आहेस का. दुसरा माणूस तयार आहे. सोमवारनंतर जागा राहायची नाही.

"नाही राहिली तर नाही, सर," हृषिकेश म्हणाला. पुन्हा इंजिनाजवळ बसायची आपली एकुलती एक संधी आपणच घालवतोय, हे त्याला कळत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शैलाताईंनी नाक पुसलं.

कादंबरीने पुऱ्यांवरचं झाकण काढून एक दाबून पाहिली. "वातड झाल्यात," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. हृषिकेश तिच्या मागोमाग गेला आणि काय करावं न सुचून ओट्यापाशी उभा राहिला.

तिने त्याच्या हातात लाटणं दिलं.

"तू लाट, मी तळते," ती म्हणाली. "आणि आता सांग. पहिल्यापासून सांग."